अर्ध्यावर राहिलेला नमस्कार

रायपूरच्या आमच्या नाट्यमंडळात पन्नास वर्षांत जो कोणी राजा झाला, राणी झाली, भूत झालं, त्या प्रत्येकाच्या तोंडावरून मनहरणचा अंगठा फिरलेला आहे. भुवईपासून कानशिलापर्यंत तो रंग असा ओढायचा की डोळे आपोआप मिटत. आई गेल्यावर माझ्या कपाळावरून इतक्या मायेनं दुसरा हात फिरला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

मनहरण मूळचा रायपूरजवळच्या भनपुरीचा. ट्रकांच्या मागे मोर, कमळं, टपोरे डोळे रंगवायचा. आमचे दिग्दर्शक श्यामकांतराव यांनी त्याला पडद्यावर महाल रंगवायला आणलं होतं. नागपूरचा मेकअपवाला ऐन प्रयोगाला आला नाही, तेव्हा ते म्हणाले, "ट्रकले डोळे काढतोस ना? मग या पोट्ट्यांले काढ!"

त्यानं काढले आणि आमचाच झाला. आमचा, असं आम्ही म्हणायचो. मनहरण जातीनं सतनामी, अस्पृश्य मानलेल्यांपैकी. आमच्या जुन्या मराठी घरांत त्याच्या हातचं पाणी चालत नसे. तोंडावर हात मात्र चाले. घरी जाऊन आंघोळ केली की झालं. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला "भैया, तुम्ही" म्हणायचा.

मंडळाची एक रीत आहे. मेकअप झाला की पहिल्या घंटेआधी सगळे विंगेत जमतात. सर्वांत वडील माणूस खुर्चीवर बसतो आणि धाकट्यापासून सुरुवात करून एकेकजण त्याच्या पाया पडतो.

शहात्तर साली मी पहिल्यांदा राजा झालो. मनहरणनं मिशी चिकटवली, आरसा धरला. आरशात मी नव्हतोच, खरा राजा होता! हरखून मी मनहरणच्या पायांशी वाकलो.

आरतीचं ताट घेऊन माझी आत्या तिथंच उभी होती. "अरे, त्याचे काय पाय धरून राहिला?"

मी अर्ध्यावर थांबलो. पंधरा माणसं बघत होती. मग मी माझ्याच मोजडीला हात घातला, जणू तिची घोट्याशी बांधायची दोरी सुटली होती. मनहरण खाली बसला आणि त्यानं ती दोरी बांधली. "सुटली होती, भैया," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

दोरी सुटलेली नव्हती.

पुढच्या नाटकापासून नमस्काराच्या वेळी तो मागच्या नळावर ब्रश धूत बसू लागला. कुणी बोलावलं नाही. केवढा कामसू माणूस, असं आम्ही म्हणायचो.

गेल्या वर्षी श्यामकांतराव गेले. यंदा गणपतीतल्या नाटकाआधी मंडळाच्या सेक्रेटरी देवश्रीचा फोन आला. "काका, खुर्ची आता तुमची. तुम्हीच सगळ्यात वडील."

मी बरं म्हणालो खरं, पण वडील मनहरण होता. डोळ्यांना दिसेनासं झालंय, हे शेवटचं नाटक, असं तो सांगून मोकळा झाला होता.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी खुर्चीकडे न जाता नळावर गेलो.

"भैया, तुम्ही इथं काहून? आत सगळे थांबले असतील."

मी भिंत धरून वाकलो.

"काय पडलं?" त्यानं विचारलं.

"काही नाही पडलं, मनहरणभैया." माझी बोटं त्याच्या ओल्या पायांना लागली.

त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. मग डोक्यावर हात आला. "खुस रह, बाबू." आणि हसला. "मोजडी बांधायले लई टाइम लावला."

बगलेत हात घालून त्यानंच मला उभं केलं.

"आता तुम्ही आत जा," मी म्हणालो. "ती खुर्ची तुमची आहे."

"अन् हे ब्रश?"

"मी धुतो."

"तुमाले येते काय?"

"शिकवा."

केस खाली धरून अंगठ्यानं दाबायचं, एवढं त्यानं दाखवलं. शर्टाला हात पुसले आणि दाराशी जाऊन थांबला. "कोणी नाही वाकलं तर?"

"तर परत या. ब्रश पुष्कळ आहेत."

तो गेला. मी उपड्या बादलीवर बसलो. पाणी आधी लाल आलं, मग तपकिरी. आत एकदम शांतता झाली. टाळीसाठी जन्मभर कान टवकारले, पण असे कधीच नाही.

मग पैंजण वाजले. राणी झालेली ओवी, यंदाच मंडळात आलेली पोट्टी, हिंदीत म्हणत होती, "दादाजी, पैर ज़रा इधर कीजिए ना, मेरा मुकुट गिर जाएगा."

त्यामागून बांगड्या वाजल्या. मग कुणाची तरी तलवार जमिनीला घासली.

मी ब्रश धूतच राहिलो. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.