बाजारच्या दिवशीची ओपीडी

बुधवार होता आणि आरोग्य केंद्रात चिटपाखरूही नव्हतं. दारात आमच्या हॉस्पिटलची जीप उभी होती. बाहेरच्या बाकावर मी एकटी बसले होते. मंजुनाथ याही वेळी आला नव्हता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बंगळूरच्या एका मानसोपचार रुग्णालयात सोशल वर्कर होते. पेशंटच्या घरच्यांशी बोलायचं, औषध चालू राहतंय ना ते बघायचं, हे माझं काम. येलहंकाच्या पुढे एका खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर बुधवारी आमचं आउटरीच असे. म्हणजे पेशंट शहरात येत नाही, तर डॉक्टरांनी त्याच्याकडे जायचं. बुधवार आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या मुख्य डॉक्टरांनी, निवडला होता, कारण त्या दिवशी तिथे गर्दी नसे. पेशंटची गुप्तता, त्यांच्या भाषेत कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी, हा सरांचा जीव की प्राण.

मंजुनाथ पंचविशीतला. त्याला कानात आवाज ऐकू येत, दोनदा घर सोडून गेला होता. गोळ्यांनी बरा झाला, द्राक्षांच्या बागेत कामाला लागला. अशा पेशंटनं मधेच गोळ्या सोडल्या की आजार परत डोकं वर काढतो. त्याला आम्ही रिलॅप्स म्हणतो. मी उठले आणि चालत त्याच्या घरी गेले.

त्याची आई नाचणी पाखडत होती.

"तुमची जीप कुठे आहे?" तिनं आधी हेच विचारलं.

"केंद्रापाशी."

"सरी, बरं झालं. मग बसा."

माझं कन्नड निपाणीकडचं. एरवी ते ऐकून तिला हसू यायचं, त्या दिवशी आलं नाही. मंजुनाथच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, शेजारच्याच गावात. तिथले लोकही औषधाला याच केंद्रात येत.

"बुधवारी त्या बाकावर कोण बसतं, ते सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "पोरीचं लग्न होऊ दे. मग पाठवते."

"रात्री झोपतो का?"

"स्वल्प," ती सुपाकडे बघत म्हणाली.

आतल्या खोलीत मंजुनाथ भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता. मला भीती वाटली. लग्नापर्यंत थांबलो, तर लग्नच मोडायचं. सोयऱ्यांना आजार सांगावा की नाही, हे त्या घरानं ठरवायचं. मला त्याच्या पोटात गोळी जायला हवी होती.

"मग कुठल्या दिवशी पाठवाल, अक्का?"

"शुक्रवारी. बाजार असतो. सगळी गावं केंद्रात लोटतात. कोण कशाला आलंय, कोण बघतंय?"

मी परत आले. आत सर आणि तिथले मेडिकल ऑफिसर डॉ. शिवण्णा चहा पीत होते. मी शुक्रवारचं काढताच सर वैतागले.

"त्या गर्दीत? कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटीचं काय?"

"सर, गुप्तता गर्दीतच आहे. रिकाम्या बाकावरचा एकटा माणूस लांबून दिसतो."

"शुक्रवारी मला बंगळूरला ओपीडी असते."

"तुम्ही नकोच आहात, सर. डॉक्टर शिवण्णा बघतील."

बोलून गेले खरी. डॉ. शिवण्णांचा कप हवेतच राहिला. त्यांनी आमच्याकडे ट्रेनिंग घेतलं होतं, सर्टिफिकेट भिंतीवर होतं. पेशंट मात्र ते आमच्याच गळ्यात घालत.

"मॅडम, माझ्याकडे मलेरिया आहे, कुटुंबनियोजन आहे. त्यात हे तुमचे पेशंट?"

"पत्ता तुमच्या गावचा आहे, डॉक्टर."

"काही चुकलं तर?"

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला फोन करा. ओपीडीत असलो तरी उचलेन." आमचे सर तापट होते, पण ऐकायचे. गोळ्यांचा डबाही त्यांनी तिथेच ठेवला.

शुक्रवारी मी बसनं गेले. रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. मंजुनाथ बाकावर होता, आई जवळ उभी होती आणि त्याच्या शेजारी एक म्हातारा खोकत होता. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तो नवऱ्या मुलाचा बाप होता.

"काय होतंय रे तुला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"झोप नाही, अण्णा."

"मलाही नाही. हा खोकला बघ ना." आणि सरकून त्यानं आईला टेकायला जागा दिली.

डॉ. शिवण्णांनी मंजुनाथला विचारायचं ते सगळं विचारलं आणि सरांना फोन करून गोळ्या दिल्या. पुढे कधीतरी त्याचे हात थरथरायला लागले. औषधानं तसं होतं. तेव्हा डोस त्यांनी स्वतःच बदलला, फोनही न करता. मी मनातून फार खूश झाले, त्यांना बोलले नाही.

लग्नात मंजुनाथ पंगतीत सांबार वाढत होता. जेवण झाल्यावर नवऱ्या मुलाच्या बापानं मला बाजूला घेतलं.

"त्याला तुम्हीच औषध देता ना?"

मी पानसुपारीच्या तबकाकडे हात नेला.

"सरी, नका सांगू. मला दिसतंय, पोरगा चांगला आहे. माझी बायको कोणाशी बोलत नाही, जेवत नाही. तिला बंगळूरला आणावं लागेल का?"

"नाही, अण्णा. डॉक्टर शिवण्णांना दाखवा."

"बुधवारी?"

"बुधवार बंद केला. शुक्रवारी या. रांगेत उभं राहावं लागेल."

त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं हसू आलं. पुढच्या शुक्रवारी तो बायकोला घेऊन आला, भाजीच्या पिशवीसकट.

तेव्हापासून नव्या केंद्रात काम सुरू करायचं झालं की मी आधी बाजाराचा वार विचारते. खोलीला दार आहे की नाही, ते मग बघते.