मेंढीकोटला चौघं लागतात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावालाही नाही — आणि भाऊ तर त्या बोटीवर माझ्यासोबतच होता. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. मध्येच हसू आलं तर हसा, मलाही येतं.

आम्ही मखमलाबादचे, फुलं पिकवणारे. घरात अकरा माणसं, खोल्या तीन. मी दहावी पास झाले तर मुंबईहून बोटीनं गोव्याला नेईन, असं दादा — म्हणजे माझे वडील — चारचौघांत बोलून बसले होते, आणि मी चक्क पास झाले. एकोणऐंशी साल असावं. दिवाळीचा झेंडू विकला गेला की निघायचं ठरलं. दादा, आई, मी आणि धाकटा सुरेश.

जागा राखून ठेवायचा अर्ज इंग्रजीत करायचा होता. मराठीत लिहिलं तर बोट आपल्याला धक्क्यावरच सोडून जाईल, अशी दादांची खात्री! त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून अर्ज मी लिहिला. काय मागायचं ते त्यांनी दोनदा सांगितलं — चौघांना मिळून एक केबिन. मी लिहून दिलं, त्यांनी खाली मोडीसारखी लांबलचक सही ठोकली आणि तो कागद गल्लीभर दाखवून आले. पोरीनं इंग्रजीत लिहिलाय म्हणून.

आता आईबद्दल सांगायला हवं. ते टाळत होते मी, तुमच्या लक्षात आलं असेल.

आई देवळाली कॅम्पात वाढलेली, पत्त्यांत पटाईत. पण सासरी आजोबांच्या देखत सुनेनं पत्ते खेळायचे? लग्न झाल्यापासून तिनं पत्त्यांना हात लावला नव्हता. तिला गोव्याचं काही नव्हतं हो. तिला ती केबिन हवी होती. आत आपली चौघं, दाराला कडी आणि मेंढीकोटचा डाव — महिनाभर तिच्या तोंडी हेच. माहेरून मागवलेला पत्त्यांचा कॅट तिनं ट्रंकेत साडीच्या घडीत दडवून ठेवला होता. मला ठाऊक होतं. लिहितानाही ठाऊक होतं.

तरीही मी अर्जात दोन केबिन मागितल्या. एक आईवडिलांना, एक मुलांना. वर, लांब-लांब असल्या तरी चालतील, असंही लिहिलं!

का? सोळा वर्षांची होते मी. दादांच्या घोरण्यानं भांडी वाजायची. आईचं दिवसभर — तेल लाव, वेणी घाल, तिथं उभी राहू नकोस. मला एक दिवस माझं स्वतःचं दार हवं होतं. मग सरळ मागितलं का नाही? धीर झाला नाही. अर्ज लिहिणं सोपं होतं.

धक्क्यावर खिडकीतल्या कारकुनानं दोन केबिनचे नंबर सांगितले आणि दादा भडकले — माझ्या पोरीनं एकच लिहिली होती म्हणून. त्यानं फायलीतून माझा अर्ज काढला. वाचला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"चूक आमची आहे," तो दादांना म्हणाला. "पण आता बोट भरलीय."

त्याच्या घरी माझ्याएवढी मुलगी होती, की मागची रांग वाढत होती? कोण जाणे. दादांनी मात्र भर रांगेत त्याची हजेरी घेतली. "माझ्या पोरीनं बराबर लिवलं व्हतं. इंग्रजी वाचता येत नाय तर खुर्चीवर बसता कशाला?" तो निमूट ऐकत राहिला. मीही ऐकत राहिले.

आणि खरं सांगू? बोटीवर मला भयंकर मजा आली. सुरेश आणि मी वरखाली हुंदडलो, भजी खाल्ली, कठड्याशी उभं राहून केस मोकळे सोडले. दुपारी आई बोलवायला आली. मी म्हटलं, आम्ही नंतर येतो. संध्याकाळीही तेच म्हटलं. तेव्हा ती हसून म्हणाली, "दोघांत रमी होते गं. मेंढीकोटला चौघं लागतात." आणि पदर सावरत लांबवरच्या त्यांच्या केबिनकडे गेली.

येताना आम्ही एसटीनं आलो. मग माझं लग्न झालं, सुरेश शहरात, द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागून तिकडेच राहायला गेला. चौघं एका खोलीत, दाराला कडी — ते पुन्हा कधी जमलंच नाही.

त्या कारकुनाची गोष्ट दादा पुढं कितीतरी वर्षं प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगायचे. पाहुणे पोट धरून हसायचे. आई तेवढी म्हणायची, जाऊ द्या हो, बिचाऱ्याची चूक झाली असेल. आणि मी चहा बघायला उठायचे.

कारकुनाला इंग्रजी चांगलं वाचता येत होतं. दोन केबिन मी मागितल्या होत्या.