बिनपाण्याचा वाफा

मुकुंदवाडीच्या चंपाबाई शहराबाहेरच्या कृषी संशोधन प्रक्षेत्रावर रोजंदारीने जातात. काम माती काढण्याचं. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, वाफ्यात गिरमिट फिरवायचं, वेगवेगळ्या खोलीवरची माती डब्यांत भरायची, झाकण लगेच लावायचं आणि वजन करायचं. मग माती भट्टीत वाळवून पुन्हा वजन. जे घटलं ते पाणी.

"चंपाबाई, माती तोलून इकायची हाय का?" ट्रॅक्टरवरचा सांडू विचारायचा.

"आधी तुजं डोकं तोलते. भट्टीत टाकून बघू, काय उरतंय."

पीक किती पाणी प्यालं हे थेट दिसत नाही. पाऊस आणि दिलेलं पाणी यांची बेरीज करायची, वाहून गेलेलं आणि खोल झिरपलेलं वजा करायचं, मातीतला ओलावा जितका घटला तितका मिळवायचा. येईल ते पिकाने आणि उन्हाने नेलेलं पाणी.

हा हिशेब पीएच.डी. करणाऱ्या उस्मानपुऱ्याच्या झेबाच्या प्रबंधाचा होता आणि हंगाम शेवटचा. काही वाफ्यांना ठरलेलं पाणी मिळायचं, काहींना पेरणीनंतर थेंबही नाही. हे वाफे कोरडे राहिले तरच बाकीच्यांची तुलना उभी राहणार होती. ते सांभाळायला तिने चंपाबाईंना सांगितलं, कारण त्यांच्या मापात कधी चूक नसायची.

माप त्या घरी शिकल्या होत्या. नवरा पुंजाराम, किडन्या निकामी, डायलिसिस चालू. दिवसाचं पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं; चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. चंपाबाई मापाच्या पेल्याने द्यायच्या. एका संध्याकाळी पुंजाराम यांनी पाणी मागितलं. दिवसाचं संपलं होतं. "सकाळी देते," त्या म्हणाल्या. सकाळी ते उठले नाहीत. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात, तेही राहून गेलं. तुमचं बरोबरच होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शाळू पोटरीत आला, कणीस बाहेर पडायच्या बेतात. कोरड्या वाफ्यांतली पानांची आधी दुपारी सुरळी व्हायची, पुढे ती सकाळीही उलगडेनात.

"थोडं द्यायचं का?" चंपाबाईंनी झेबाला विचारलं.

"नाही मावशी. त्याला तहान लागलीच पाहिजे. तेच मोजतोय आपण."

पुढच्या खेपेला एका कोरड्या वाफ्यातला ओलावा वाढलेला निघाला. पाऊस झाला नव्हता. डबी बदलली असेल म्हणून झेबाने माती पुन्हा काढायला सांगितली. चंपाबाईंनी गिरमिट उचललं नाही.

"म्या घातलं पानी. हौदातून."

झेबाने नोंदवही उघडली. "किती हंडे? तेवढं कळलं तर दिलेलं पाणी म्हणून धरता येईल. वाफा वाचेल."

"नाय मोजलं."

"अंदाजे तरी, मावशी."

"मोजायचंच नव्हतं मला. ह्यांना दिलं की मोजून."

वाफा प्रयोगातून रद्द झाला. उरलेले कोरडे वाफे तुलनेला पुरेनात. झेबाला पुढच्या रब्बीत सगळं पुन्हा पेरावं लागणार आहे. तिने चंपाबाईंची तक्रार केली नाही. चंपाबाईंनीच काम बदलून मागितलं आणि त्या रोपवाटिकेत गेल्या. रद्द वाफ्याला पाणी उशिरा मिळालं होतं. कणसं पोचट निघाली. कापणीच्या बायका कमी पडल्या म्हणून चंपाबाईंनाही बोलावणं गेलं. त्या आल्या नाहीत.