मिठातला पिवळा गोळा

मिठाचा स्फटिक वर्गात समजावायचा तर मॉडेल लागतं, आणि आमच्या कॉलेजात ते नव्हतं. मी नोएडातल्या त्या कॉलेजात इनऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकवायचो, गेस्ट फॅकल्टी म्हणून. म्हणजे पाहुणाच, पण अकरा वर्षं टिकलेला. मॉडेल शेवटी बायकोने केलं. ती केंद्र सरकारच्या नोकरीत होती, आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून थर्माकोलचे सत्तावीस गोळे रंगवले. तेरा लहान निळे, सोडियमचे. चौदा मोठे हिरवे, क्लोराइडचे. शेवटच्या मोठ्या गोळ्याला हिरवा पुरला नाही, म्हणून तिने तो पिवळा केला.

"असं नाही चालत," मी म्हणालो.

"चौदातला एक पिवळा झाला तर तुझ्या मिठाची चव बिघडणार आहे का? तळाला लावते मधोमध. कुणाला दिसतोय!"

मॉडेल टेबलावर ठेवलं असतं तर खरंच दिसला नसता. पण मागच्या बाकांना दिसावं म्हणून मी ते डोक्यावर धरायचो, आणि पुढच्या दोन रांगांना खालून नेमका तोच दिसायचा. दर वर्षी परीक्षेत पाच-सहा जण मिठाच्या आकृतीत एक पिवळा गोळा इमानदारीने रंगवायचे. मी अर्धा मार्क कापायचो. घरी सांगितलं की ती म्हणायची, "माझा काप ना. पोरांचा कशाला?"

मागच्या वर्षी ती गेली. क्वार्टर तिच्या नोकरीचं होतं, ते सोडून मी नोएडात दोन खोल्यांत आलो. तिच्या साड्या, पुस्तकं, भांडी मागेल त्याला दिली गेली. त्या दिवसांत मी प्रत्येकाला हो म्हणत होतो. एप्रिलमध्ये विभागप्रमुख मॅडमनी सांगितलं, की माझ्या जागी कायमचा माणूस येतोय. त्याचं मला वाईट वाटलं नाही. फक्त मॉडेल घरी न्यायचं होतं. तिच्या हातची तेवढीच एक वस्तू मी अजून कुणाला देऊन टाकली नव्हती.

"सर जी, ये तो रजिस्टर में चढ़ा हुआ है," स्टोअरकीपर म्हणाले. साठीला आलेले, अतिशय सरळ गृहस्थ. एका वर्षी तपासणीत कपाटावर नोंद नसलेली वस्तू सापडली म्हणून आक्षेप निघाला, आणि त्यांनी लगेच मॉडेलची नोंद केली होती.

"माझ्या बायकोने घरी केलंय ते."

"बिल है?"

"घरी केलेल्याचं बिल कसं असेल?"

"तो फिर कॉलेज का हुआ." मग माझ्या तोंडाकडे पाहून ते हळू आवाजात म्हणाले, "एक रास्ता है. आप इसे तोड़ दीजिए. टूटा माल रजिस्टर से कट जाता है."

"आणि तुकडे मी नेऊ?"

"ना जी. टुकड़े तो कमेटी के सामने जलेंगे."

दुसरा रस्ता त्यांना चहा पिताना सुचला. तस्संच दुसरं जमा करायचं आणि हे घेऊन जायचं. त्यांनी चष्मा लावून नोंद वाचली: "नमक का मॉडल, एक नग. नीले तेरह, हरे तेरह, पीला एक, नीचे." आणि बजावलं, "पीला भूलना मत."

मी हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत स्प्रे पेंट आणला. पहिला थर बसताच गोळे सुरकुतले, खचले आणि माझ्या डोळ्यांदेखत चिकट डबक्यात बसले. थर्माकोल असल्या पेंटमधल्या द्रावकात विरघळतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. माझी पीएच.डी. आहे. बायकोने इतिहासात एम.ए. केलं होतं आणि तिला पोस्टर कलर वापरायची अक्कल होती.

पोस्टर कलर घेताना दुकानदाराने विचारलं, "बच्चे का प्रोजेक्ट है?" मी हो म्हणालो. तीन संध्याकाळी गेल्या. काड्या वाकड्या बसत, एका बाजूला ओढलं की दुसरी बाजू सुटे. तिने हे एका दुपारीत, माझ्याशी भांडत केलं होतं. माझ्याकडे हिरवा भरपूर उरला होता. तरी शेवटचा गोळा मी पिवळाच रंगवला, दोन हात देऊन.

स्टोअरकीपरांनी दोन्ही मॉडेलं टेबलावर ठेवली, बोट लावून गोळे मोजले, माझं उचलून खालून पाहिलं. "बिल्कुल. ये पास." मग तिचं माझ्या हातात देत म्हणाले, "सच बोलूँ? मैडम वाला ज़्यादा साफ़ बना है." जुलैत येणारा कायमचा माणूस आता माझं डोक्यावर धरेल. पिवळ्याचं कारण तो मुलांना काय सांगणार, कोण जाणे.

मेट्रोच्या तपासणीत पडद्यावर सत्तावीस गोल आणि काड्या पाहून जवानाने मला बाजूला घेतलं.

"क्या है ये?"

"नमक."

त्याने पिशवीत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं. "खाने का?"

"नहीं. पढ़ाने का."

"जाओ अंकल," तो म्हणाला.

घरी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तर पिवळा तळाशी गेला. स्फटिकाला वरची आणि खालची बाजू नसते. कसाही ठेवला तरी मीठ तेच. मी ते उलटं करून ठेवलं आहे.