मस्कतला जाऊन मोडलेला शब्द

शुक्रवारी सकाळी इब्राच्या बसथांब्यावर मी बसच्या तासभर आधीच जाऊन उभी राहिले. आमच्या घरात गाडी गाठायची म्हणजे तासभर आधी पोचायचं अशी रीत आहे, आणि कराडची सवय ओमानात आली म्हणून सुटत नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन दिवसांचे कपडे आणि शेंगदाण्याची चटणी होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी एकटी कुठेतरी निघाले होते आणि तेही थेट मस्कतला! थांब्यावरच्या मांजराला मी ही बातमी दोनदा सांगितली. अर्थात अरबीतून.

हे अरबीचं काय प्रकरण आहे ते आधी सांगते. मी पुण्यात अरबी शिकते आणि एका सत्रासाठी इब्राच्या एका भाषाशाळेत आले आहे. इथे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून ‘अहद’ (दिलेला शब्द) लिहून घेतात. सत्र संपेपर्यंत फक्त अरबी बोलायची. वर्गात, बाजारात, भांडणात, सगळीकडे. शुक्रवारी अर्धा तास घरी फोन करायची तेवढी मुभा. शब्द मोडला तर आमच्या उस्ताज़ा (शिक्षिका) रहमा वहीत तांबडी खूण करतात. तीन खुणा झाल्या की शेवटचे दोन आठवडे एका ओमानी कुटुंबात राहायला मिळतं, ते रद्द. आणि मी मुळात आले होते ती त्या दोन आठवड्यांसाठीच. त्यांच्या स्वयंपाकघरात बसावं, त्यांच्या आज्यांची गाऱ्हाणी ऐकावीत, एवढीच माझी हौस.

माझ्या नावावर दोन खुणा आधीच लागल्या होत्या. पहिली, जिन्यात अंगठा ठेचकाळला आणि तोंडातून ‘आई गं!’ निघालं तेव्हा. उस्ताज़ा शांतपणे म्हणाल्या, ‘‘अरबीतही दुखतं.’’ दुसरी, केरळी चहावाल्याला हिंदीतून ‘भैया, एक कडक’ म्हणाले तेव्हा. उस्ताज़ा नेमक्या मागे उभ्या होत्या. गंमत म्हणजे एरवी आमच्यावर कोणी पाळत ठेवत नाही. दर रविवारी सकाळी वर्गात उभं राहून आपणच सांगायचं, पाळला की मोडला. म्हणून तर मोडायची जास्त भीती वाटते.

बसमधून दिसणारे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे नव्हेत. एकही झाड नाही. भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे, नुसते हाडं दाखवत उभे असलेले. मध्येच खजुरांचा हिरवा पट्टा यायचा आणि पाण्याचा पाट दिसायचा. दोन तास मी खिडकीला नाक लावून होते. मग घाट उतरला, घरं पांढरी आणि बुटकी होत गेली, आणि मस्कत आलं. राजधानी म्हटल्यावर मी उंच इमारती शोधत होते. इथे डोंगरच उंच. घरं त्यांच्या मधल्या फटींत बसलेली.

टॅक्सीवाल्याला मी व्याकरणशुद्ध अरबीत पत्ता सांगितला. डोक्यावर भरतकामाची टोपी, पांढरी दिशदाशा (पायघोळ अंगरखा), वय साठीचं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ हिंदीत म्हणाला, ‘‘मॅडम, हिंदी बोलो ना. मैं बंबई में आठ महीना था.’’

‘‘मी अरबी बोलणे पसंत करते, हे आदरणीय गृहस्था,’’ मी अरबीत म्हणाले. आमच्या पुस्तकात असंच आहे.

तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. ‘‘तुम न्यूज पढ़ती है क्या?’’ पुढे सबंध रस्ता तो हिंदी बोलत होता आणि मी अरबी. उतरताना म्हणाला, ‘‘इन्शाल्ला, तुम जीतेगी.’’

मस्कतच्या जुन्या भागातला, मत्राहचा समुद्रकिनारा बघून मात्र माझी वाचाच बसली, त्यामुळे शब्द मोडायचा प्रश्नच आला नाही. एका बाजूला निळंशार बंदर, दुसऱ्या बाजूला नक्षीच्या सज्जांची पांढरी घरं, वर कड्यावर किल्ला. आणि दुपारचे बारा. शुक्रवारच्या नमाजामुळे सगळी दुकानं बंद, रस्त्यावर मी आणि सीगल एवढेच शहाणे. तरी मी त्या उन्हात किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, उगाच हसत. समोरून कोणी आलं असतं तर ऊन लागलंय म्हणालं असतं.

चारनंतर बाजार उघडला. लाकडी छपराखालच्या बोळांतून लोबानाचा (धुपासारख्या जळणाऱ्या डिंकाचा) धूर तरंगत होता. आणि दुकानदार? एक कच्छचा, एक मलबारचा, एक थेट मालेगावचा! ‘‘आओ बहन, देखो बहन,’’ चारी बाजूंनी हिंदी अंगावर येत होती. माझ्या जिभेवर हिंदी नुसती वळवळत होती. मी दातांत दुपट्टा धरून चालले. अखेर एका आजोबांकडून अरबीत घासाघीस करून मूठभर लोबान घेतला आणि लढाई जिंकल्यासारखी हॉटेलवर परतले. आईला फोन केला आणि त्या अर्ध्या तासात दोन तासांचं बोलले.

शनिवारी सकाळी आठला मोठी मशीद. डोकं झाकून, मनगटापर्यंत बाह्या ओढून आत गेले. संगमरवराचं ते अंगण इतकं लखलखीत होतं की ढगांची प्रतिबिंबं पायाखालून सरकत होती. आतला गालिचा एकसंध. त्याचं दुसरं टोक मला दिसेना. झुंबराकडे बघत बघत मागे सरकले ती एका जर्मन आजोबांच्या पायावर. ‘‘अफ़वन!’’ मी माफी मागितली, अरबीत! स्वतःवर इतकी खूश झाले की बाहेर येताना पायरी चुकली आणि चपलेचा पट्टा सटकन तुटला. ‘आई गं’ ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं.

पट्ट्याला सेफ्टी पिन लावून मी मस्कतच्याच टोकाला असलेल्या सीबची बस धरली. परतीची बस संध्याकाळी त्याच बाजूच्या चौकातून मिळणार होती, आणि सीबचा जुना बाजार पाहायचाच होता. पिन मासळीबाजारापर्यंत टिकली. तिथून एका पायावर फरफटत मी पहिलं दिसलेलं चपलांचं दुकान गाठलं. दुपारचा एक वाजायला आला होता. मालक शटर ओढायच्या तयारीत होते. चाळिशीचे, कपाळावर चष्मा. माझा पाय बघून त्यांनी शटर परत वर केलं. मागे स्टुलावर एक म्हाताऱ्या बाई तसबीह (जपमाळ) ओढत बसल्या होत्या.

मी काळ्या चपला निवडल्या आणि अरबीत भाव पाडायला लागले. मालकांनीही अरबीत उत्तरं दिली. मग मान वळवून मागे म्हणाले, ‘‘अम्मा, बघ. बोलते अरबी, पण घासाघीस करते आपल्या बायकांसारखी.’’

मराठी! तीही कोकणातली, दापोलीकडची! माझे कान असे टवकारले की दिसले असतील. चेहरा दगडाचा ठेवून मी पुढची किंमत सांगितली.

‘‘दे की लतीफ,’’ अम्मा म्हणाल्या. ‘‘पोरीचं तोंड सुकलंय.’’ मग त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘जेवलीस काय गो?’’

‘‘अम्मा, तिला काय कळणार?’’ लतीफभाई वैतागले. ‘‘चार महिने झाले तुला येऊन. येईल त्या गिऱ्हाइकाला विचारतेस. कुणी दिलंय उत्तर?’’

‘‘कळो नायतर न कळो,’’ अम्मा म्हणाल्या. ‘‘विचारायला काय जातं?’’ आणि त्या परत स्टुलाकडे वळल्या.

खरं सांगते, मी प्रयत्न केला. उस्ताज़ांची वही आठवली, तांबडं पेन आठवलं, ते ओमानी स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणलं. दोन आठवडे! पण चार महिने एक बाई दारात येणाऱ्या प्रत्येकाला जेवलास का विचारते आहे, आणि एकालाही उत्तर देता येत नाही. मला येत होतं.

‘‘नाही हो अम्मा,’’ मी म्हणाले. ‘‘सकाळपासून काही नाही खाल्लं.’’

लतीफभाईंच्या हातातली चपलांची पेटी खाली पडली. अम्मांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ‘‘या अल्ला! आणि मघापासून गप उभी हाय, चोर कुठली!’’ त्यांनी माझं मनगट धरलं ते वर घरात पोचेपर्यंत सोडलं नाही.

सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार. मी किती जेवले ते लिहीत नाही, आई वाचेल. अम्मा समोर बसून बोलत होत्या. सून नर्स, ती ड्युटीवर. नातवंडं आपसांत इंग्रजी बोलतात. मराठी बोलतात पण थांबून थांबून, ‘‘जशी काय औषधाची गोळी गिळतात.’’ मग त्यांनी ओट्यावरची निळी ताटली दाखवली. शेजारच्या ओमानी बाईंची, उम्म सालिमची. तिकडून ताटलीत खजूर येतात, रिकामी ताटली कशी परत करायची म्हणून अम्मा सांदणं (तांदळाच्या गोड वड्या) पाठवतात, मग तिकडून हलवा. चार महिने ताटली येते-जाते आहे.

‘‘आणि शब्द एक नाय बोललो आम्ही,’’ अम्मा म्हणाल्या. ‘‘लतीफला अरबी येते, पण तो काय परक्या बाईच्या दारात उभा राहून बोलेल? नुसत्या हसतो एकमेकींकडे, येड्यासारख्या. चल, तू चल माझ्याबरोबर.’’

मी गेले. उम्म सालिमनी दार उघडलं. मेंदी लावलेले हात, धिप्पाड बांधा, डोळे मिस्कील. मी अरबीत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि भिंतीला टेकून हसायलाच लागल्या. मला वाटलं माझं व्याकरण चुकलं.

‘‘ही बोलते?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला वाटलं बिचारी मुकी आहे! चार महिने मी हिच्यासाठी दुआ मागते आहे!’’

मी हे मराठीत सांगितलं. अम्मांनी कपाळावर हात मारला आणि मग दोघीही अशा हसल्या की आतून सुना धावत आल्या. आम्हाला ओढून आत नेलं. कहवा (ओमानी कॉफी), हलवा, पुन्हा कहवा. तासभर मी मधे बसून इकडचं तिकडे केलं. सांधेदुखी, सुना, सांदणांत नारळ किती. निघताना अम्मांनी कानात विचारलं, ‘‘जेवलीस काय, हे यांच्यात कसं म्हणतात?’’

‘‘तगद्दैती?’’

अम्मा ते जिना उतरेपर्यंत घोकत राहिल्या. लतीफभाईंनी चपलांचे पैसे घेतले नाहीत, वर मला गाडीने चौकात सोडलं आणि माझा फोन नंबर घेतला. ‘‘यल्ला, बस सुटेल!’’

परतीच्या बसमधून डोंगर जांभळे दिसत होते आणि मला रविवारचा वर्ग दिसत होता. कोणी पाहिलं नव्हतं. रविवारी ‘पाळला’ म्हटलं तर संपलं. इब्रा येईपर्यंत मी पन्नास वेळा ‘पाळला’ म्हणून पाहिलं. अरबीत फार सोपा शब्द आहे.

रविवारी माझी पाळी आली. उभी राहिले आणि तोंडातून निघालं, ‘‘मोडला.’’ मग सगळंच सांगितलं. टॅक्सीवाला, जर्मन आजोबा, चप्पल, अम्मा, मुकी शेजारीण. वर्ग हसून लोटपोट. खाली बसल्यावर लक्षात आलं, मी एकदाही मनात मराठीत वाक्य जुळवलं नव्हतं.

उस्ताज़ाही हसल्या होत्या. डोळे पुसून त्यांनी वही उघडली आणि तिसरी खूण केली. ‘‘आज तू अडखळली नाहीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण शब्द तो शब्द.’’

खलास. दोन आठवड्यांची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. मला रडू आलं, लपवत नाही. संडासात जाऊन पाच मिनिटं रडले, तेही मराठीत.

बाहेर आले तर फोनवर लतीफभाईंचा निरोप आला होता. लिहिलेलं काही नव्हतं, नुसता आवाज रेकॉर्ड केलेला. आधी भांड्यांचा खणखणाट. मग अम्मांचा गच्चीवरून दिलेला खणखणीत आवाज, ‘‘उम्म सालिम! तगद्दैती?’’

मग भिंतीपलीकडून, सावकाश, एकेक अक्षर जपून टाकत उत्तर आलं.

‘‘नाय गो! ये!’’