अब्बांचा पेचकस

हवाई दलात मी वीस वर्षं काढली हे कळलं की नारायण पेठेतल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुठलं विमान चालवायचात?" मी सांगायचो, विमान नाही चालवलं, विमानातले रेडिओ दुरुस्त केले. मग समोरच्याचा चेहरा असा पडायचा, की मलाच त्याची समजूत घालावीशी वाटे. एका काकूंनी तर घरचा रेडिओ आणून समोर ठेवला. "आता रिकामेच आहात, तर बघा जरा." बघितला. वाजायला लागला. "एवढ्यासाठी सरकार वीस वर्षं पगार देत होतं?" असं म्हणून त्या रेडिओ घेऊन गेल्या.

पण मला माझं काम मनापासून आवडायचं. वैमानिक उतरला की रजिस्टरात तक्रार लिहायचा: आवाज तुटतो, खरखर येते, चौथ्या चॅनेलवर काही ऐकू येत नाही. आम्ही सेट काढून आणायचो, उघडायचो, दोष सापडेपर्यंत त्याच्या मागे लागायचो. मग सेट परत विमानात बसवायचा आणि टॉवरला हाक मारून विचारायचं, कसं ऐकू येतंय? पलीकडून "पाच" असं उत्तर आलं की झालं. पाचाच्या वर मार्क नसतात. शाळेत मला पैकीच्या पैकी कधी मिळाले नव्हते, ते इथे रोज मिळायचे.

ही चिकाटी घरातूनच आलेली होती. अब्बांचं पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एकाला बसायला आणि दुसऱ्याला उभं राहायला जागा. आमचं घराणं पुण्यात कधीपासून आहे ते कुणालाच नक्की माहीत नाही. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण कामाचं बोलणं अब्बा मराठीतच करायचे, माझ्याशीसुद्धा. त्यांचं मराठी पेठेत मुरून पेठेपेक्षा तिखट झालं होतं. "आजच हवंय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते शांतपणे सांगायचे, "मग काल आणायचं."

मी भरती झालो तेव्हा त्यांनी मला एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, दिला. बोटाएवढा, पितळी मुठीचा, स्वतः घडवलेला. "घड्याळ काय आणि रेडिओ काय, आत स्क्रूच असतात," म्हणाले. त्यांना तेव्हा काय वाटत होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

पुढे शिक्षण, एक-दोन बदल्या असं करत मी पुण्याच्या तळावर आलो. घरापासून सायकलच्या अंतरावर बदली मिळणं हे भाग्यच. तिथे औजारांचा एक नियम फार कडक होता. भिंतीवर एक फळा असायचा आणि प्रत्येक औजारामागे त्याच्याच आकाराची काळी आकृती रंगवलेली असायची. काम सुरू करताना औजारं मोजून घ्यायची, संपल्यावर मोजून जागेवर लावायची. एक जरी आकृती उघडी दिसली तरी विमान जागचं हलत नसे. विमानात सुटं राहिलेलं औजार आकाशात उलटंपालटं होताना कुठेही जाऊन बसतं. त्याने विमान वळवायचा दांडा अडकला तर वैमानिकाच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणूनच स्वतःचं औजार आत आणायला सक्त मनाई होती.

मी आणत होतो. कॉकपिटमध्ये चॅनेल बदलायचं एक गोल बटण असतं, त्याला धरून ठेवणारा स्क्रू तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. फळ्यावरच्या कुठल्याही स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यात बसत नसे. अब्बांचा पेचकस मात्र अलगद बसायचा. तो मी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवायचो. माझी बटणं कधी सैल होत नाहीत म्हणून माझं कौतुक व्हायचं आणि मी ते निमूट घ्यायचो. यात मोठीच गोम होती. फळ्यावर नसलेलं औजार हरवलं, तर ते हरवलंय हे कळणारा जगात एकच माणूस होता.

तेव्हा मी कॉर्पोरल होतो. दंडावर दोन पट्ट्या होत्या आणि सार्जंटची तिसरी पट्टी महिन्याभरावर आली होती. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, आणि अम्मीने तिसऱ्या पट्टीची बातमी मुलीच्या घरी आधीच पोचवली होती.

एका शनिवारी मी एका विमानातलं ते बटण घट्ट केलं. संध्याकाळी घरी गेलो, रविवार घरी काढला आणि सोमवारी सकाळी सायकल मारत परत आलो. अकराच्या सुमाराला खिशात हात घातला, तर पेचकस नाही. शनिवारचं ते विमान बारा वाजता उडणार होतं.

पहिला विचार आला, घरी राहिला असेल. फार सोयीचा विचार होता. पण घरी तो खिशातून काढल्याचं मला आठवत नव्हतं. कॉकपिटमध्ये हातात धरल्याचं लख्ख आठवत होतं. परत खिशात घातल्याचं काही केल्या आठवेना. समोर फळा गच्च भरलेला होता आणि मी त्याच्याकडे बघत बसून राहिलो. तिसरी पट्टी डोळ्यांपुढे येत होती, ती मुलगी येत होती आणि अम्मीचा चेहरा तर सगळ्यांत आधी. एवढ्यात त्या विमानाचा वैमानिक हेल्मेट काखेत धरून खिडकीवरून गेला. शिट्टी वाजवत होता. ती शिट्टी मला सहन झाली नाही. मी उठलो.

आमचे वॉरंट ऑफिसर हडपसरकडच्या एका शेतकरी घरातले. हवाई दलात राहून त्यांनी सगळं बदललं, बोली सोडून.

"साहेब, त्या विमानात माझा स्क्रू ड्रायव्हर राहिला असावा."

त्यांनी फळ्याकडे बघितलं. "फळा तर भरल्याला हाय."

"फळ्यावरचा नाही. माझा स्वतःचा."

"सोताचा?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "किती दिस आणतोयस?"

"इथे आल्यापासून. दोन वर्षं."

"मंजी दोन वर्सं मी आंधळा," ते म्हणाले आणि फोन उचलून त्यांनी विमान थांबवलं.

पुढचे तीन तास माझ्या जन्मातले सर्वांत लांब होते. वैमानिकाची खुर्ची काढायला वेगळी माणसं लागतात, ती आली. पत्रे उघडायला आणखी दोघं आले. प्रत्येकाने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. एकाने विचारलं, "हातोडापण घरूनच आणतोस का?" वैमानिक पंखाच्या सावलीत बसून आमची गंमत बघत होता, आणि त्याचीच मला जास्त शरम वाटत होती. बॅटऱ्या मारून, आरसे घालून कोपरान् कोपरा बघितला. पेचकस मिळाला नाही.

"आता घरी बघून ये," वॉरंट ऑफिसर म्हणाले आणि मला एका जवानाच्या फटफटीवर मागे बसवून पाठवलं.

दुकानावर पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. अब्बा दुपारी एकला दुकान बंद करून जेवून तिथेच आडवे व्हायचे. मी दाराच्या फळ्या ठोठावल्या. आतून आवाज आला, "चारला या."

"अब्बा, मी आहे."

एक फळी सरकली. दारात गणवेशातला मी आणि मागे फटफटीवर जवान बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. मी पेचकसाचं विचारलं. ते वळले, आपली लाकडी पेटी उघडली आणि त्यातून पेचकस काढून माझ्यापुढे धरला.

"रविवारी तुझ्या शर्टात दिसला. टोक झिजलं होतं, म्हणून दगडावर घासलं," ते म्हणाले. "आणि हाताच्या सवयीने पेटीत ठेवला. तुला सांगायचं राहिलं."

मला आधी हसू आलं. मग पायरीवर बसून मी रडलो, चांगला हुंदके देऊन. जवान बिचारा समोरच्या दुकानातली भांडी बघत उभा राहिला.

तळावर परत येताना वाटत होतं, आता सगळे हसणार. विमान उगाच उघडलं, उड्डाण उगाच गेलं. वॉरंट ऑफिसरांनी पेचकस उलटसुलट करून बघितला. मी म्हटलं, "साहेब, घरीच होता. उगाच सगळ्यांना त्रास."

"घरी व्हता ह्ये आत्ता कळलं," ते म्हणाले. "अकरा वाजता तुला ठावं न्हवतं. मग उगाच कसं?"

तरी शिक्षा व्हायची ती झालीच. मनाई असताना औजार आणलं म्हणून तिसरी पट्टी एक वर्ष लांबली. आपणहून सांगितलं म्हणून एकच वर्ष, असंही मला ऐकवण्यात आलं. मुलीच्या घरून मात्र दोन पट्ट्यांवरच होकार आला. आजही भाजीत मीठ जास्त पडलं आणि मी बोललो, की ती मला त्या पट्टीची आठवण करून देते.

अब्बांना ही शिक्षा पटली नाही. त्यांनी भर कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. दारावर पाटी लावली, 'दुकान उद्या उघडेल. शेजारी चौकशी करू नये.' काळी टोपी घालून, दोन बस बदलून ते तळाच्या फाटकावर येऊन उभे राहिले. मला बोलावणं आलं, पाठोपाठ वॉरंट ऑफिसरही आले.

"औजार माझं, विसरलो मी," अब्बा म्हणाले. "आपण शिक्षा याला कशी केलीत?"

"चाचा, शिक्षा इसरल्याची न्हाई. न सांगता आत आणल्याची हाय." मग वॉरंट ऑफिसरांनी त्यांना फळ्याची सगळी पद्धत सांगितली आणि सिगरेटच्या पाकिटावर पेन्सिलीने आकृती काढून दाखवली. अब्बांनी पाकीट डोळ्यांजवळ धरून बघितलं. "हुशार माणसाचं काम आहे," म्हणाले. कुणाचं कौतुक करताना मी त्यांना फार थोड्या वेळा ऐकलंय. शेवटी त्यांनी विचारलं, "असा पेचकस तुमच्याकडे आहे?"

"न्हाई."

"मग हा ठेवून घ्या. आत राहू दे, पण सांगून."

रीतसर कागद झाले, त्याच्या पितळी मुठीवर क्रमांक कोरला गेला आणि वॉरंट ऑफिसरांनी स्वतः ब्रश घेऊन फळ्यावर त्याची आकृती रंगवली. किंचित वाकडी आली. पुढची दोन वर्षं मी पेचकस त्या वाकड्या आकृतीवरून घेत होतो आणि तिथेच लावत होतो, आणि खरं सांगायचं तर मला रोज बरं वाटायचं.

महिन्याभराने एकदा दुकानात डोकावलो, तर भिंतीवर प्लायवूडचा तुकडा ठोकलेला. त्यावर चिमटे, ब्रश, भिंगं, पेचकस, सगळं खिळ्यांना टांगलेलं आणि प्रत्येकामागे पेन्सिलीची आकृती. खालच्या कोपऱ्यातली एक आकृती रिकामी होती. एक वाजला. अब्बा बोट लावत मोजायला लागले. "अठरा, एकोणीस. आणि एक विमानतळावर." मग दुकान बंद केलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

पुढे तिसरी पट्टी आली, लग्न झालं आणि माझी बदली आसामला झाली. पेचकस अर्थातच पुण्याच्या फळ्यावर राहिला, तो आता सरकारी होता. अम्मीने एका पत्रात लिहवून घेतलं, 'तुझे अब्बा रोज दुकान बंद करताना म्हणतात, एकोणीस, आणि एक आसामात. आता त्यांचं वय झालं.' मलाही तसंच वाटलं. पेचकस मी बरोबर नेला असं ते धरून चालले असावेत.

वर्षभराने रजेवर आलो. स्टेशनवरून सामान टाकून थेट दुकानात गेलो, तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. अब्बांनी हातातल्या घड्याळाचं झाकण लावलं, उठले आणि फळ्यावर बोट ठेवून मोजायला लागले. कोपऱ्यातली आकृती रिकामीच होती.

"अठरा, एकोणीस," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून माझ्या छातीला बोट लावलं. "वीस."

"अब्बा, वीस कुठले? पेचकस तर विमानतळावर आहे."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले आणि दाराच्या फळ्या लावू लागले. "धर त्या बाजूने. आज दुकान भरलेलं आहे."