मार्सडेलचं धुकं

बर्निस कुबियाकनं नवऱ्याला पुरलं त्या दिवशी ती रडली नाही. मिलवॉकीच्या दक्षिणेकडच्या पोलिश वस्तीत याची बरीच कुजबुज झाली. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नव्हता. चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर डेलबर्ट हॅगन घडीचा रुमाल डोळ्यांना लावून बसला होता, आणि बर्निसचं सगळं लक्ष त्याच्या मानेवर होतं. एवढा राग मनात असताना रडायला जागा कुठून मिळणार?

बर्निस शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. हातानं जड, जिभेनं तिखट, आणि एकदा कुणावर डूख धरला की धरला. शेजारणीनं कधीकाळी तिच्या सॉसेजना नावं ठेवली होती. ती शेजारीण मेली तरी बर्निस तिच्या घरावरून जाताना पलीकडच्या फूटपाथनं जायची.

रोमन याच्या अगदी उलट. पोस्टात काम, आवाज मऊ, कुणाला दुखवायचं म्हटलं तर त्याच्याच पोटात दुखायचं. त्याला लाल रंग धड दिसत नसे, लाल आणि काळं त्याच्या लेखी एकच. सिग्नलला बर्निस शेजारून सांगायची, रविवारचा टाय तीच काढून द्यायची. पण कान असे, की खालच्या मजल्यावर बर्निसनं कुठलं पातेलं उचललं ते तो वरून सांगायचा.

तरुणपणी हवाई दलात असताना तो इंग्लंडला होता. यॉर्कशरमधल्या एका गावात, जुन्या लोकर गिरणीच्या शेडमध्ये, हार्टली नावाचा माणूस मार्सडेल नावाचे स्पीकर हातानं बनवायचा. रोमन सायकलवरून तिथं गेला, एक जोडी ऐकली आणि येडा झाला. लष्करी सामानात, गोधड्यांमध्ये गुंडाळून त्यानं ती जोडी घरी आणली. अमेरिकेत आलेली ती पहिली मार्सडेल. पुढे दर मंगळवारी त्याच्या बैठकीच्या खोलीत माणसं जमू लागली. ब्रुअरीतला स्टॅश आला, शाळेतला बँडमास्तर आला, आणि गालिचांच्या दुकानाचा मालक डेलबर्टही आला. स्पीकर समोर, आणि बरोबर मधोमध एक खुर्ची. त्या खुर्चीत जे ऐकू येतं ते भिंतीकडेला बसणाऱ्याला येत नाही, म्हणून ती खुर्ची रोमनची. तो इतरांना आळीपाळीनं बसू द्यायचा, पण विचारून बसायचं.

या सगळ्यात बर्निसचा वाटा म्हणजे कॉफी, हॅमचे सँडविच आणि तारा. स्पीकर हलवले की रोमन गुडघ्यांवर बसायचा, ती उजेडासाठी बॅटरी धरायची. "ही लाल, ही काळी," ती म्हणायची. दोन्ही स्पीकरना लाल जागी लाल आणि काळ्या जागी काळी तार लागली पाहिजे. एकाची जरी उलटी लागली तर एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, खर्ज गळून जातो, आणि गाणारी बाई मधोमध उभी राहायची सोडून साऱ्या खोलीभर सांडते.

डेलबर्टनंही मार्सडेल घेतली. त्याच्याकडे रेडिओवाल्यासारखा आवाज होता, आणि लिहिताही यायचं. शौकिनांच्या एका मासिकात त्यानं सदर सुरू केलं. पहिल्याच लेखात इंग्लंड, सायकल, गिरणीची शेड, सगळं आलं. फक्त सायकलवर रोमन नव्हता, डेलबर्ट होता. हा माणूस आयुष्यात कॅनडापलीकडे गेला नव्हता! बैठकीतल्या सगळ्यांनी वाचलं आणि मूग गिळले. रोमन हसून म्हणाला, "लिहू दे गं, बर्नी. गोष्ट तर छान झालीय."

पुढच्या लेखात धुकं आलं. डेलबर्टनं लिहिलं, मार्सडेलचा सूर समोरून येत नाही, तो डोंगरातल्या धुक्यासारखा खोलीत पसरतो, भिंती विरघळतात, गाणारी व्यक्ती कुठेच नसते आणि सगळीकडे असते. झालं! सिअ‍ॅटलपासून अटलांटापर्यंत माणसं या धुक्यामागे लागली. ज्यांनी वाचलं त्यांना ते ऐकूही येऊ लागलं. हार्टलीच्या गावात त्याला कपाटं बनवणारा समजत, आणि इकडे अमेरिकेत लोक नाव नोंदवून वर्षभर थांबत. कारखाना डेलबर्टच्या धुक्यावर जगू लागला.

एकदा डेलबर्टच्या घरी पार्टी होती. परत येताना गाडीत रोमन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याची डावीकडची तार उलटी लागलीय."

"काय?" बर्निस त्याला गाडी थांबवायला सांगायच्या बेतात होती. "म्हणजे ते धुकं-बिकं..."

"हं."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"सुखात आहे तो. राहू दे, बर्नी. कुणाला सांगू नकोस."

तिनं सांगितलं नाही. नवऱ्याच्या चांगुलपणावर चिडली, पण सांगितलं नाही.

मग रोमन आजारी पडला. इस्पितळातून परतल्यावर पहिल्याच मंगळवारी तो भिंत धरत धरत जिना उतरून खाली आला, तर मधल्या खुर्चीत डेलबर्ट. त्याच्या घरात, त्याच्या खुर्चीत!

"अरे रोमन, ये ये," डेलबर्ट बसल्या जागेवरून म्हणाला. "तू आपला तिकडे रेडिएटरजवळ बस. ऊब मिळेल. या औषधांनी आधी कान जातात म्हणे. उगाच ताण नको घेऊस."

कुणीतरी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून दिलं. रोमन त्याच्यावर बसला, पाठीला टेकू नाही, हात मांडीवर. बर्निस दारात सँडविचचा ट्रे घेऊन उभी होती. ते स्टूल तिच्या काळजात जाऊन बसलं ते कायमचं. रोमन गेल्यावर डेलबर्टनं मासिकात चार ओळी लिहिल्या: 'आमच्या बैठकीला अनेक वर्षं जागा आणि कॉफी पुरवणारे रोमन कुबियाक.'

जागा आणि कॉफी. बर्निसनं ते पान फ्रीजवर चिकटवलं. दूध काढताना रोज दिसावं म्हणून.

सप्टेंबरात स्टॅश बातमी घेऊन आला. म्हाताऱ्या हार्टलीची मुलगी, जी आता कारखाना बघायची, मिलवॉकीला येणार होती. मार्सडेलची खास नवी जोडी निघायची होती, आणि तिला नाव द्यायचं होतं ते मार्सडेल अमेरिकेत आणणाऱ्याचं.

"हॅगन," स्टॅश जमिनीकडे बघत म्हणाला. "त्या जोडीचं नाव हॅगन."

"असं का," बर्निस म्हणाली. "मग घोषणा इथंच करा की. पहिली जोडी इथं आहे. मी हॅम आणते."

स्टॅशनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "बर्निस, तू इतक्या गोड आवाजात बोललीस की मला भीती वाटते."

"वाटू दे," ती म्हणाली.

बैठकीचा एक रिवाज होता. घरातल्या कुणीही 'पडदा' म्हटलं की नाही म्हणायचं नाही. रोमननं छताला दांडी लावली होती, तिच्यावर बर्निसची जुनी हिरवी चादर. पडद्यामागून दोन जोड्या आलटून पालटून वाजवायच्या, मधल्या खुर्चीत बसणाऱ्यानं पडदा उघडायच्या आधी, सगळ्यांदेखत, मोठ्यानं आपलं मत द्यायचं. बर्निसनं इतक्या वर्षांत एकदाही पडदा मागितला नव्हता. तिला कुणी बैठकीत धरतच नव्हतं.

त्या दुपारी तिनं रोमनच्या दोन्ही मार्सडेल जोड्या, इंग्लंडहून आणलेली जुनी आणि त्यानं नंतर मागवलेली दुसरी, पडद्यामागे लावल्या. जुनीच्या तारा सरळ. दुसरीच्या डाव्या स्पीकरची तार मात्र तिनं स्वतःच्या हातानं उलटी लावली, आणि लावताना ती चक्क गुणगुणत होती.

सगळे जमले. मिस हार्टली साध्या कोटातली, थकलेल्या चेहऱ्याची बाई होती. डेलबर्ट अर्थातच मधल्या खुर्चीत. त्यानं कपात चमचा वाजवून बोलायला घसा साफ केला, तेवढ्यात बर्निस म्हणाली, "पडदा."

"काय?" डेलबर्ट हसला. "अगं बर्निस, आज कशाला? पाहुण्या आल्यात."

"घरातल्या कुणीही, असं आहे ना? मी घरातलीच आहे. की फक्त कॉफीपुरती?"

"रिवाज म्हणजे रिवाज," स्टॅश म्हणाला.

डेलबर्टनं मिस हार्टलीकडे बघून खांदे उडवले. "वाजव बाई, वाजव. मार्सडेल मी झोपेतसुद्धा ओळखेन."

तिनं पहिली जोडी वाजवली. एक बाई गाऊ लागली, खोलीच्या मधोमध, जणू हात लावावा. मग तिनं कळ फिरवली. तीच बाई आता छतावर, खिडकीत, रेडिएटरमागे, सगळीकडे सांडली. डेलबर्टचे डोळे मिटले, चेहऱ्यावर चर्चमधलं तेज आलं.

"दुसरी," तो म्हणाला. "शंकाच नको. पहिली म्हणजे दुकानात मिळणारं कुठलंही खोकं. एका जागी चिकटलेला, भिंतीसारखा सूर. आणि ही दुसरी... हेच ते धुकं. ही मार्सडेल."

"नक्की?" बर्निसनं विचारलं. "बदलायचं असेल तर अजून बदल."

"बर्निस, हे कान आहेत, कोबी नाही."

तिनं चादर ओढली. दोन्ही जोड्या मार्सडेलच होत्या. कुणाला काही कळेना. मिस हार्टली मात्र उठली, दुसऱ्या जोडीमागे वाकली, आणि हळूच म्हणाली, "याची डावी तार उलटी लागलीय."

"मी लावलीय," बर्निस म्हणाली. "आणि डेलबर्टच्या घरी ती इतकी वर्षं तशीच आहे. रोमननं ऐकलं होतं. हे धुकंबिकं काही नाही, उलटी तार आहे! जगभर लिहीत सुटला मेला."

आधी स्टॅशच्या तोंडून हसू फुटलं, मग बँडमास्तरच्या. थांबवता थांबेना. डेलबर्टच्या मानेवर लाली चढत गेली, आणि बर्निस ती डोळे भरून बघत राहिली. चर्चमध्ये हीच मान तिनं पाहिली होती. आत काहीतरी गार गार होत गेलं. किती दिवसांनी तिला भूक लागली.

मग डेलबर्ट म्हणाला, "माझ्या घरच्या तारा मी नाही लावल्या."

हसू थांबलं.

"माझं सदर नुकतंच सुरू झालं होतं. स्पीकर हलवायचे होते, आणि माझी पाठ धरलेली. रोमन आला होता लावायला. एकटाच. तू केनोशाला बहिणीकडे होतीस. त्यानं गुडघ्यांवर बसून लावल्या, आणि बर्फ पडायला लागलं म्हणून न ऐकताच निघाला. मी हात नाही लावला." आता त्याच्या आवाजात जोर आला. "बघा म्हणजे! मी म्हणत नव्हतो? रोमनचे कान तेव्हापासूनच..."

बर्निस केनोशाला होती. बॅटरी धरायला कुणी नव्हतं. 'ही लाल, ही काळी' म्हणायला कुणी नव्हतं. तिला त्याच क्षणी सगळं लख्ख दिसलं. गाडीतली त्याची ती चुप्पी, ते 'कुणाला सांगू नकोस'. शरमेनं मेला असेल बिचारा. सांगितलं तर सगळे म्हणणार, रोमन कुबियाकला तार लावता येत नाही.

सगळे तिच्याकडे बघत होते. खरं सांगितलं तर रोमन या खोलीत कायमचा चुकणारा माणूस ठरणार होता, आणि तेही डेलबर्टच्या तोंडून. या लोकांना वाईट माणूस चालतो. बहिरा चालत नाही.

"चूक?" ती म्हणाली. "रोमन तारेत चुकेल? त्यानं मुद्दाम लावली."

"मुद्दाम? का?"

"सायकलवर कोण गेलं होतं, डेलबर्ट? त्याची गोष्ट तू स्वतःच्या नावावर छापलीस. तो हसला, आणि त्याच आठवड्यात तुझ्या घरी येऊन तार फिरवून गेला. दर मंगळवारी विचारायचा ना तुला, 'घरी कसं वाजतंय?' आणि तू सांगायचास, धुकं!"

मिस हार्टली म्हणाली, "सायकलवर कोण गेलं होतं, मिस्टर हॅगन?" तो कपातला चमचा ढवळत राहिला. तिनं कप खाली ठेवला. नव्या जोडीला नावाची गरज नाही, ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, जवळजवळ गयावया करत: "मिसेस कुबियाक, हे तारेचं या खोलीबाहेर गेलं, तर आमच्या शेडला कुलूप लागेल."

"नाही जाणार," बर्निस म्हणाली. "त्यानं लिहावं पाहिजे तेवढं धुकं. फक्त खुर्ची रिकामी करावी."

ती आत गेली, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि रेडिएटरजवळ ठेवलं. "ये, डेलबर्ट. ऊब मिळेल."

तो नाही म्हणू शकत नव्हता. मासिक होतं, दुकान होतं, आणि देशभर त्याच्या शब्दावर स्पीकर घेणारी माणसं होती. तो उठला, चार पावलं चालला आणि स्टुलावर बसला. पाठीला टेकू नाही, हात मांडीवर. त्यानंतर दर मंगळवारी तो तिथंच बसतो. बर्निस त्याला कॉफी सगळ्यांत शेवटी देते, आणि थंड.

त्या रात्री निघताना दारात स्टॅशनं तिचे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आनंदाचं. "काय खुनशी निघाला गं आपला रोमन! इतकी वर्षं आतल्या आत हसत असणार. मी त्याला भोळा समजत होतो. मानलं!"

"होताच तसा," बर्निस म्हणाली.

दार लावून ती पडद्यामागे गेली आणि गुडघ्यांवर बसली. बॅटरी हनुवटीखाली धरून तिनं उलटी तार सोडवली.

"ही लाल," ती पुटपुटली, आणि मग मात्र तिला पुढे काही दिसेना. रोमन गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडत होती.